आईने घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या घरात देवाशी बोलायचं काम बाबांचं होतं. आई दिवा लावायची, सणावाराला नैवेद्याचं पान वाढायची, पण देवासमोर तोंड उघडून काही मागायचं ते बाबांनी. आमचं गाव मालवणकडचं. तिकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने पुढे उभं राहून मोठ्याने सांगायचं, की बाबा रे, लेकरांची ही अशी अवस्था आहे, तूच सांभाळ. आणि मागे उभ्या असलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गावात हे देवळात चालतं. डिलाईल रोडला आमच्या चाळीत ते तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, रोज सकाळी, बाबा पहिल्या पाळीला निघायच्या आधी चालायचं. मागे उभ्या आम्ही तिघी: आई, मी आणि माझी धाकटी बहीण.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. त्यांचं गाऱ्हाणं कधी लांबत नसे. “बा देवा म्हाराजा, आज जे कोण साच्यार उभे रवतले, तेंका सांभाळ. धागो तुटलो तर तुटांदे, पण माणूस तुटाक नको.” आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचो आणि बाबा डबा उचलून जिना उतरायचे. स्वतःच्या घरासाठी त्यांनी वेगळं काही मागितल्याचं मला आठवत नाही. बहुतेक तशी गरजच पडली नव्हती.

गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा पहिले काही महिने चाळ सुट्टीवर असल्यासारखी होती. सगळे बाप घरी. गॅलरीत पत्ते, चहा, सभेहून आलेल्यांच्या बातम्या. बाबांचं गाऱ्हाणंही बदललं. साच्यावर कोणी उभंच नव्हतं, म्हणून ते म्हणू लागले, “गिरणीचा दार उघड म्हाराजा.” रोज तेच. एक पावसाळा गेला, गणपती आले आणि गेले, दिवाळी तर कधी झाली कळलंही नाही. आमच्या गॅलरीतल्या तीन खोल्यांना कुलपं लागली. माणसं गावाला निघून गेली. आम्ही राहिलो, कारण मी दहावीला होते आणि आईचं म्हणणं होतं, हिची परीक्षा होईपर्यंत इथून हलायचं नाही. कण्या, कुळीथ, गावाहून आलेला नाचणा, यांवर घर चालत होतं. शिकवणीचा विषय मी काढला नाही आणि कोणी मला विचारलं नाही.

मग थंडीच्या दिवसांत एका सकाळी बाबा देवासमोर उभे राहिले, हात जोडले आणि काही न बोलता खाली बसले. आम्ही तिघी मागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला तयार. आई म्हणाली, “अवो, गाऱ्हाणा?”

“काय सांगतलंय? त्याका सगळा म्हायत आसा.”

“म्हायत आसा तरी सांगूक होया.”

“वरीसभर सांगलंय गो,” बाबा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. रागाने नाही. काम संपलेला माणूस पडतो तसे.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आईने पदर खोचला, पुढे झाली आणि देवासमोर उभी राहिली. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मला कसंतरीच झालं. बाजूच्या खोलीत ऐकू गेलं तर काय म्हणतील, हे आधी मनात आलं. आईने हात जोडले.

“देवा म्हाराजा, माका तुझ्याशी बोलूची सवय नाय. चुकला तर पदरात घे. गिरणीचा तुझा तू बघ. माझ्या ह्या दोन हातांका कायतरी काम दी. इतक्याच.”

माझी बहीण तेव्हा सात वर्षांची. तिने सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी ‘व्हय म्हाराजा’ची आरोळी ठोकली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी मान वळवली नाही, पण ते जागे होते.

त्याच सकाळची गोष्ट. आमच्या मजल्यावर नळाला पाणी चढायचं नाही, त्यामुळे खालून बादल्या आणाव्या लागायच्या. ते काम माझं. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बादली कठड्याला आपटली आणि बरंच पाणी पायऱ्यांवर सांडलं. जिना लाकडी होता, पायऱ्या झिजून बुळबुळीत झालेल्या. पाणी सांडलं तर लगेच पुसायचं हा आईचा नियम. फडकं आणायला वर जायचं, परत खाली यायचं, परत वर; माझा इतिहासाचा धडा अर्धा राहिला होता. पुसायचं मनात आलं आणि गेलं. मी बादली ठेवली आणि पुस्तक घेऊन बसले.

साडेदहाच्या सुमाराला कोळीण मावशी आली. आमच्या जन्माच्याही आधीपासून ती चाळीत मासे घेऊन यायची. संपात कोण मासे घेणार? तरी ती तीन मजले चढायचीच, आणि कुणाच्या घरी लहान मूल असलं तर मूठभर मांदेली उंबऱ्यावर ठेवून पुढे जायची. त्या दिवशी तिची हाक पहिल्या मजल्यावर ऐकू आली, मग दुसऱ्यावर. मग मोठा धडधडाट झाला आणि हाक मध्येच थांबली.

आई धावली. मी मागोमाग. मावशी वळणावर बसली होती, पाठ भिंतीला, आणि तिचा उजवा हात मनगटापासून भलत्याच दिशेला वळला होता. पायऱ्यांवर बोंबील आणि मांदेली पसरलेली. ती रडत नव्हती. “माजी पाटी... माजं म्हावरं,” एवढंच म्हणत होती. आईने आपला पदर फाडून तिचा हात गळ्यात बांधला आणि मला म्हणाली, “मासे गोळा कर, धुव आणि ठेव.” तिला धरून आई परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेली.

मी मासे वेचत बसले. पायरी ओली होती. आता माशांच्या पाण्याने सगळंच ओलं झालं होतं. कुणाला काही कळणार नव्हतं. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि कळून बरं वाटलं, हे लिहायला आजही जड जातं.

दुपारी आई एकटीच परत आली. मावशीचं हाड बसवत होते, पण तिचा सगळा जीव पाटीत होता; माल नासला तर दिवस गेला. आई पाणी प्यायली, तिने मासे परत पाटीत लावले आणि पाटी कमरेवर घेतली. बाबा उठून बसले.

“खंय चललंस?”

“तिचा म्हावरा नासतला.”

“तू विकतलंस?”

“मग कोण विकतला?” आई म्हणाली आणि निघाली. आमची चाळ, बाजूची चाळ, पलीकडची चाळ. दारोदार फिरताना ती मासे काय सांगून विकत होती मला माहीत नाही, पण संध्याकाळी पाटी रिकामी होती. मिळालेले पैसे तिने रुमालात बांधले आणि तसेच्या तसे मावशीच्या घरी पोचते केले.

तीन दिवसांनी मावशी जिना चढून आली. हात प्लास्टरमध्ये. दारात टेकली आणि आईला म्हणाली, “बाय, माजा हात सा आठवडं बांधून ठेवलाय. घरात सून नाय, पोरी लग्न होऊन गेल्यान. तुजे दोन हात रिकामे हान. चल माज्याबरोबर धक्क्याव. मी भाव करीन, तू पाटी उचल. जे येल ते दोघींचं.”

मला वाटलं आईचा चेहरा उजळेल. तो पांढरा पडला. तिने एकदा देवाकडे पाहिलं, एकदा मावशीच्या प्लास्टरकडे. मग म्हणाली, “येतंय.”

दुसऱ्या दिवसापासून आई उजाडायच्या आत निघू लागली. धक्क्यावरून टेम्पोने माल आणायचा, मग मावशी पुढे, पाटी घेऊन आई मागे. चाळीत बोलणं झालंच. आमच्याच गावची एक बाई नळावर आईला म्हणाली, “आपण मासे खाणारी माणसा, विकणारी न्हय.” आई म्हणाली, “खाणाऱ्यांका आता परवडत नाय, म्हणान विकतंय.” बाबा तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी तिने टेकवलेली पाटी त्यांनी उचलून मोरीत नेली आणि घासून ठेवली.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण मावशीच्या मनगटात पाटी पेलायची ताकद राहिली नाही. आई तिच्याबरोबर जातच राहिली. घरात पुन्हा भाताचा वास येऊ लागला. मी परीक्षा दिली. पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. आईने त्या एका सकाळनंतर पुन्हा गाऱ्हाणं घातलं नाही. दिवा लावायची आणि चटका बसल्यासारखी बाजूला व्हायची. बाबा बोलायचे थांबले होते, आता आईही थांबली. माझ्या बहिणीने एकदा विचारलं, “आता आपल्या घरातून देवाशी कोण बोलणार?”

निकाल लागला. मी पास झाले, चांगली झाले. पावसामुळे होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या आणि आई सुकट, सुके बोंबील विकत होती. निकालपत्र घेऊन मी घरी आले तेव्हा ती पाटीतले बोंबील निवडत होती. मी म्हटलं, “आई, तूच ठेव देवासमोर.”

“तू ठेव.”

“तूच मला बसवलंस परीक्षेला. तू ठेव ना.”

“ठेव म्हटला ना!” ती ओरडली, आणि मग एकदम तिचा बांध फुटला. आई संपात कधी रडली नव्हती. “माका त्याच्यासमोर उभ्या ऱ्हवाक होणा नाय गो. मी हातांका काम मागितलंय, आणि त्याच दिवसाक त्यान त्या बायचो हात मोडलो. माझ्या पोटासाठी दुसऱ्याचो हात! मी मागूकच नको होता.”

सहा महिने ती हे एकटीने वाहत होती. धक्क्यावर, जिन्यावर, त्याच बाईच्या मागून चालताना.

मी म्हटलं, “देवाने नाही मोडला.”

तिने डोळे पुसले.

“पाणी मी सांडलं होतं. बादलीतलं. वळणावर. पुसलं नाही.”

मला वाटलं होतं ती मारेल. तिने मारलं नाही. माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिली की मीच खाली पाहिलं. बाबा दारात विडी ओढत बसले होते, त्यांनीही ऐकलं. शेवटी आई उठली, तोंड धुतलं, साडी नीट केली आणि म्हणाली, “चल. हा माका सांगान काय उपेग? तिका सांग.”

आम्ही चपला घालत होतो तेव्हा बाबांनी खुंटीवरचा सदरा काढला. “मीय येतंय,” म्हणाले. आई कामाला लागल्यापासून ते पहिल्यांदाच तिच्याबरोबर बाहेर पडत होते.

कोळीवाड्यात वारा सुटला होता. होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी झाकलेल्या. मावशीच्या ओटीवर तिचा नवरा, एक वाळकुडा म्हातारा, जाळ्याचा ढीग मांडीवर घेऊन बसला होता. पावसात दर्या बंद असला की जाळी दुरुस्त करायची. मावशीने आम्हा सगळ्यांना एकदम पाहून आधी विचारलं, “काय झायला?”

आईने मला पुढे ढकललं. मी सांगितलं. बादली, पायरी, इतिहासाचा धडा, सगळं. मावशी ऐकत होती. मग तिने विचारलं, “वलनावच्या पायरीव? तिसऱ्या पायरीव?”

“हो.”

“पानी दिसलेला मना,” ती म्हणाली. “वर चढताना बघितला. म्हनलं पाटी खाली ठेवून पदरानं पुसावं. मग म्हनलं कोन उतरवते आनि कोन परत चढवते. तवढाच कंटाला केला, आनि गेले.” ती हसायला लागली. “तू फडक्याचा कंटाला केलास, मी पाटीचा. दोघी सारक्याच.”

आई हसली नाही. तिने आपलं गाऱ्हाणं मावशीला सांगितलं. त्या सकाळी देवाकडे काय मागितलं होतं ते, शब्दाला शब्द. आपलं वाकडं बसलेलं मनगट मावशीने दुसऱ्या हाताने चोळलं.

“बाय, माजं गुडगं दोन वर्षं बोलत हान,” ती म्हणाली. “तुमचे तीन मजले चढताना मी रोज एकवीरेला सांगायची, आई, कोनतरी दे माज्याबरोबर. एकटीला नाय होत आता. मी पन मागितलेलं. माजा हात दुसऱ्याच चालीत मोडला असता तर? म्हावरं कुत्र्यांनी खाल्लं असतं. त्या दिवशी तू माजी पाटी विकून पैसे घरी आनलेस तवा मी ह्यांना म्हनले, आईनं मानूस दिलं.”

“पण हात...”

“हात मोडला तो मोडला. तो तिनं मोडला काय पान्यानं, मी नाय विचारलं. तू कशाला विचारतेस?”

आई ओटीच्या कडेला बसली. मावशी तिच्याशेजारी. मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

इतका वेळ बाबा कुठे आहेत याकडे माझं लक्षच नव्हतं. ते म्हाताऱ्यासमोर उकिडवे बसले होते आणि जाळ्याकडे बघत होते. फाटलेली घरं, म्हणजे जाळ्याचे चौकोन, म्हातारा लाकडी सुईने एक एक भरत होता. बाबांची बोटं गुडघ्यावर आपोआप हलत होती. दीड वर्षात त्या बोटांत धागा आला नव्हता. म्हाताऱ्याने ते पाहिलं.

“काय गिरनीवाले, मारता काय गाठ?”

बाबांनी सुई घेतली. साच्यावर तुटलेला धागा सांधायची त्यांची गाठ इतकी झटकन पडायची म्हणे, की खात्याचा मुकादम, जॉबर, नव्या पोरांना बघायला उभं करायचा. तशीच त्यांनी मारली. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी ताणली आणि गाठ सुळकन सुटली. नायलॉन होतं ते, सूत नव्हे. म्हातारा खो खो हसला, मावशी हसली, आणि मग बाबाही हसले. त्यांचं हसणं मी विसरूनच गेले होते. म्हाताऱ्याने आपली गाठ दाखवली, एक वेढा जास्त. बाबांनी दोनदा चुकवली, तिसऱ्यांदा ती बसली. आम्ही निघालो तेव्हा हातभर जाळं भरून झालं होतं.

“उद्या येवा,” म्हातारा म्हणाला. बाबा दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. पावसाळा संपेपर्यंत त्यांच्याकडे आणखी दोन होड्यांची जाळी आली.

कोळीवाड्यातून परतल्याच्या दुसऱ्या सकाळी आई देवासमोर उभी राहिली. माझं निकालपत्र तिथेच होतं. तिने आदल्या दिवसाचं सगळं देवाला जसं घडलं तसं सांगितलं, माझ्या बादलीसकट, आणि शेवटी म्हणाली, “आजचो दिवस सांभाळ.” मागून आमच्या दोघींच्या आधी बाबांचा आवाज आला: “व्हय म्हाराजा.” तेव्हापासून आमच्या घरात गाऱ्हाणं आईच घालायची आणि बाबा मागे उभे राहायचे.

पुढे गिरणी अर्धीमुर्धी चालू झाली. काहींना परत बोलावलं, बाबांना नाही. बाबांनी वर्षभर मागितलं होतं ते गिरणीचं दार आमच्यासाठी काही उघडलं नाही. आमच्या गॅलरीत शेवटच्या खोलीत बाबांच्याच खात्यातला एक माणूस होता. रोज देवळात जायचा, आमच्यापेक्षा जास्त मनोभावे. तो दारूला लागला आणि संप सुरू होऊन तीन वर्षं होण्याआधी गेला. कॉलेजात चार पुस्तकं वाचून शहाणी झाल्यावर मी आईला विचारलं, “त्याचं का नाही ऐकलं देवाने? त्याच्याही घरी दिवा लागत होता.”

आई मासे साफ करत होती. तिने विळी थांबवली. “ह्याचा उत्तर माझ्याकडे नाय,” ती म्हणाली. “तेच्या बायलेकडे बघलंय की माका खाली बघूचा लागता. पण मी मागितलंय आणि माका मिळाला. मिळाला नाय असा खोटा कसा सांगू?” मग पुन्हा विळी चालू झाली. त्या बाईकडे आठवड्यातून दोनदा आईकडून मासे जायचे, हे मला फार नंतर कळलं.

मी शाळेत शिक्षिका झाले, बहीण बँकेत लागली. मावशीने लालबागच्या बाजारात आपल्या शेजारी आईला जागा मिळवून दिली. एका गोणपाटावर त्या दोघी किती वर्षं बसल्या. भाव मावशी करायची, उचलणं-ठेवणं आईचं. मावशी गेली तेव्हा तिच्या लेकींच्या बरोबरीने आई रडली, आणि सुतक नसताना दहा दिवस तिने पाटीला हात लावला नाही.

गिरणी कायमची बंद झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी घरीच होते. सह्या करायला जुन्या कामगारांना बोलावलं होतं. मला वाटलं बाबांना जड जाईल, म्हणून मी बरोबर गेले. करी रोडवरून चालत गेलो. तिथे पुष्कळजण होते, कोणी शिव्या देत होते, कोणी नुसते गेटकडे बघत होते. बाबांनी सही केली, दोन-चार जुन्या सोबत्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी आले. आईने वरण-भात आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. जेवून हात धुतल्यावर त्यांनी चष्मा शोधला आणि पायात चपला सरकवल्या.

“आज तरी पडा थोडे,” मी म्हटलं.

“नारळी पुनव परवावर इली,” बाबा म्हणाले. “म्हाताऱ्याच्या पोराची होडी सुटतली. तेचा जाळा अर्धा ऱ्हवलाहा.” आणि जिन्याचा कठडा धरून सावकाश खाली उतरले.